डाग दातावर आहे की दातात?

गेल्या फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने अल्लीपूरच्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातले हे मोठे गाव. माझी थोरली बहीण तिथे दिलेली आहे, त्यामुळे मुक्काम घरचाच. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोत माझी भाची नेमकी हसताना तोंडावर हात घेऊन उभी. मी काही बोललो नाही. संध्याकाळी तिनेच एक कागद पुढे केला. शहरातल्या एका दवाखान्याने करून दिलेले ते अंदाजपत्रक होते: वरच्या सहा दातांना कॅप, दोन बैठका, अर्धे पैसे आगाऊ. खाली खर्चाचा आकडा होता, आणि तेवढ्या पैशासाठी किती क्विंटल कापूस विकावा लागेल याचा हिशेब कोपऱ्यात कोणीतरी पेन्सिलीने करून ठेवला होता.

“मामा, तुम्ही काचेवर काम करता ना? मंग ह्या कॅपा बी काचेच्याच असते म्हन्ते. लावून घेऊ का?”

भाची एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात लग्नाचा विषय निघू लागलेला. तिच्या समोरच्या दातांवर लहानपणापासून खडूसारखे पांढरे पट्टे आहेत आणि दोन पटाशीच्या दातांवर तपकिरी डाग. दात एकही किडलेला नाही, हलत नाही, दुखत नाही.

माझे संशोधन काचेचे. दंतवैद्यकाची पदवी माझ्याजवळ नाही. पण प्रश्न बराचसा पदार्थविज्ञानाचा होता. म्हणून आठवडाभर वाचन केले, दोन दंतवैद्य मित्रांना छळले आणि काही प्रयोग घरी करून पाहिले. असे कागद घेऊन मुले-मुली तुमच्याकडेही येत असतील, कारण गावात ‘सायन्सचे सर’ हेच पहिले सल्लागार असतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

दात पांढरा का दिसतो?

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यात दोन थर असतात. बाहेर एनॅमल, म्हणजे दंतवल्क, आणि त्याच्या आत डेंटिन. त्याच्याही आत पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मगज. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे संयुग. डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी प्रथिने आणि पाणी. म्हणून डेंटिन मऊ आणि रंगाने पिवळसर.

एनॅमल स्वतः जवळजवळ रंगहीन आणि अर्धपारदर्शक असते. आपण ज्याला दाताचा रंग म्हणतो तो बराचसा आतल्या डेंटिनचा, एनॅमलच्या पडद्यातून दिसणारा. दाताच्या धारेजवळ एनॅमल जाड, तिथे दात निळसर-पांढरा दिसतो. हिरडीजवळ ते पातळ होत जाते, तिथे पिवळा दिसतो. सुळ्यांत डेंटिन भरपूर, म्हणून सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे. वय वाढते तसे एनॅमल झिजते आणि डेंटिन जाड होते, त्यामुळे आजीचे दात नातीइतके पांढरे असूच शकत नाहीत. एका तोंडातले सगळे दात एका रंगाचे असणे हीच अनैसर्गिक गोष्ट आहे. दंतवैद्य रंग जुळवायला जी पट्टी वापरतात तिच्यात १६ छटा असतात. तीही ट्यूबलाइटखाली पाहून भागत नाही. पातळ घेताना बायका ते दुकानाबाहेर उजेडात नेऊन पाहतात, त्यामागचे शास्त्र हेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच जिवंत असतात. त्यानंतर त्या नष्ट होतात. हाड मोडले तर जुळते, कातडी भरून येते, नख वाढते. एनॅमल मात्र एकदा गेले की गेले. लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट बारीकसारीक झीज थोडीफार भरून काढतात, पण घासून काढलेला अर्धा मिलिमीटर परत येत नाही. त्यामुळे हसू सुधारण्याच्या प्रत्येक उपायाला आधी एकच प्रश्न विचारायचा: यात माझे एनॅमल किती जाणार? हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता.

आणि त्याच्याही आधी पाहायचे ते हे, की डाग कुठे आहे? दातावर बसलेला, एनॅमलच्या आत, की डेंटिनमध्ये? उपाय त्यावरून ठरतो.

दातावरचे डाग

चहा, पान, तंबाखू यांचे डाग बाहेरून बसतात. आपल्या विदर्भात यात खर्ऱ्याचा वाटा मोठा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा पदार्थ कॉलेजातल्या मुलांच्या खिशात सर्रास सापडतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण पानटपरीवरचा खर्ऱ्याचा घोटा काही थांबला नाही. सुपारीतली टॅनिन द्रव्ये दातांवरच्या किटणात मुरतात आणि दात तांबडे-काळे होतात. हे डाग दंतवैद्याकडे एका बैठकीत निघतात: कंप पावणाऱ्या बारीक हत्याराने किटण काढायचे आणि मग पॉलिश. एनॅमल जवळजवळ जात नाही. ‘दात साफ केल्याने ते सैल होतात’ हा समज मात्र पक्का आहे. सैल ते आधीच झालेले असतात. किटणाने हिरडी आणि हाड मागे हटवलेले असते आणि किटणाच्याच भिंतीने दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. भिंत काढली की खरी स्थिती कळते, एवढेच.

खर्रा खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत रंगापेक्षा वेगळी एक गोष्ट पाहा. त्याला तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत घालायला सांगा. जात नसतील, किंवा तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होते असे तो सांगत असेल, तर त्याला ताबडतोब दंतवैद्याकडे पाठवा. सुपारीमुळे गालाच्या आतल्या ऊती ताठर होत जातात, आणि ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. तिथे हसण्याचा प्रश्न दुय्यम आहे.

घरगुती उपायांविषयी थोडे. खनिजांच्या कठीणपणाची मोह्सची मोजपट्टी आपण नववी-दहावीला सांगतो. तिच्यावर एनॅमल ५ च्या आसपास, डेंटिन ३ ते ४. खाण्याचा सोडा २.५, टूथपेस्टमधला चुनखडीसारखा पदार्थ ३. आणि वाळूतला क्वार्ट्झ ७. राख, राखुंडी, विटकरीची पूड यांत सिलिकाचे कण असतात. त्यांनी दात स्वच्छ होतात हे खरे, कारण डागाबरोबर एनॅमलही घासले जाते. काही वर्षांनी आतले डेंटिन जास्त दिसू लागते आणि दात पूर्वीपेक्षा पिवळे होतात! कोळशाच्या पेस्टचीही आता फॅशन आली आहे. नाव नवे, घासणे जुनेच. लिंबू तर आणखी वाईट. एनॅमल साधारण ५.५ या सामूपासून खाली विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. लिंबू चोळून वर राखुंडी घासणे म्हणजे लाकूड आधी भिजवून मग रंधा मारणे.

इथे एक आडवळण घेतो. पांढरे दात सुंदर ही कल्पनाही सार्वत्रिक नाही. आपल्याकडेच जुन्या काळी सुवासिनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करत. हिराकस आणि हिरडा-मायफळासारखे तुरट पदार्थ त्यात असत. लोह आणि टॅनिन मिळून पक्का काळा रंग तयार होतो, तोच जुन्या शाईचा रंग. वर्गात हिरड्याच्या काढ्यात हिराकशीचे दोन खडे टाकून दाखवा, क्षणात शाई होते. जपानमध्येही लोह आणि टॅनिन वापरून दात काळे करण्याची रीत होती. सरदार घराण्यांतल्या या प्रथेवर १८७० साली तिथल्या सरकारने बंदी घातली. आणि वर्धा जिल्ह्यातले जगाला सर्वांत ओळखीचे हसू म्हणजे सेवाग्रामच्या बापूंचे बोळके! भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मामा, मले कोणी बापू समजून पसंत नाही करनार.” तेही खरेच.

एनॅमलमधले डाग

भाचीचे डाग याच प्रकारचे. भाऊजींची नोकरी पूर्वी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका खेड्यात होती. ती पाच वर्षांची होईपर्यंत सगळे तिथेच राहत होते आणि घरात बोअरचे पाणी होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. खडकातली फ्लोराइडयुक्त खनिजे पाण्यात विरघळतात. पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल तर ती अधिकच विरघळतात, कारण एरवी कॅल्शियम फ्लोराइडला पकडून ठेवते. असे पाणी बहुधा खोल बोअरमध्ये सापडते. उथळ विहिरीत प्रमाण सहसा कमी असते. म्हणजे विहिरी सोडून लोक बोअरकडे वळले तेव्हा जंतू टळले आणि काही गावांत हे नवे दुखणे आले.

दातांवरचे हे डाग आणि पाणी यांचा संबंध जोडायला तीस वर्षे लागली. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला आणि तिथल्या मुलांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. काहीतरी पाण्यात आहे हे त्याला कळत होते, पण त्या काळच्या तपासण्यांत काही सापडेना. अखेर १९३१ साली एका ॲल्युमिनियम कंपनीतला रसायनज्ञ चर्चिल याने बॉक्साइट नावाच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड शोधले. कंपनीची भांडी विषारी आहेत अशी आवई उठली होती, तिचे खंडन करण्याच्या खटाटोपात हा शोध लागला. भारतातली पहिली ठळक नोंद १९३७ ची, त्या वेळच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातली. पुढे पाण्यातले फ्लोराइड तुरटी आणि चुना वापरून काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, दुसरे पाणी मिळतच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाले तर काय होते? कायमच्या पटाशीच्या दातांचे एनॅमल बाळ काही महिन्यांचे असताना तयार होऊ लागते आणि चार-पाच वर्षांपर्यंत पूर्ण होते. दात मात्र सहाव्या-सातव्या वर्षी बाहेर येतात. एनॅमल पक्के होताना त्यातली प्रथिने बाहेर पडून त्यांच्या जागी खनिज भरावे लागते. जास्तीचे फ्लोराइड हे बाहेर पडणे रोखून धरते. परिणामी पृष्ठभागाखाली बारीक बारीक छिद्रे असलेला थर राहून जातो. भाचीचे दात आज एकोणीस वर्षांचे दिसतात, पण त्यांत नोंद आहे ती तिच्या पहिल्या पाच वर्षांच्या पाण्याची. ती अल्लीपूरला आल्यावर कितीही शुद्ध पाणी प्यायली तरी डाग जाणार नव्हते. तपकिरी रंग मात्र नंतरचा: दात बाहेर आल्यावर चहा-अन्नातली रंगद्रव्ये त्या छिद्रांत शिरली.

(यावरून फ्लोराइडची टूथपेस्ट वाईट असा अर्थ काढू नये. दातांना बाहेरून लागणारे थोडे फ्लोराइड कीड रोखते. फक्त लहान मुले पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच द्यावी.)

मग पट्टे पांढरे का दिसतात? त्यांत पांढरा रंग कुठून आला? इथे मला माझी काच आठवली. दुधी काचेचा एक तुकडा घ्या. काचेत पांढरे काही नसते. तिचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने प्रकाश सगळीकडे विखुरतो. त्या खडबडीत बाजूवर सेलोटेप घट्ट चिकटवा. टेपखालची काच एकदम पारदर्शक होते! कारण टेपच्या डिंकाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असतो. खळगे हवेऐवजी डिंकाने भरले, प्रकाशाला वळायला कारण उरले नाही. कागदावर तेलाचा थेंब पडल्यावर तो पारदर्शक होतो त्याचेही कारण हेच.

दातात अगदी असेच घडते. एनॅमलचा अपवर्तनांक १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. छिद्रांत पाणी असताना पट्टा फिकट दिसतो. दात सुकला की छिद्रांत हवा येते, फरक वाढतो आणि पट्टा ठळक होतो. भाचीला आरशासमोर ओठ वर धरून मिनिटभर थांबायला सांगितले. पट्टे डोळ्यांदेखत पांढरे होत गेले. जीभ फिरवल्यावर फिकटले. “म्हणून फोटोत जास्त दिसते!” ती म्हणाली. फोटोग्राफर ‘हसा, हसा’ करत बसतो तोवर दात वाळतात, हे माझ्याही लक्षात आले नव्हते.

आता सेलोटेपचा प्रयोग दातात करता येईल का? जर्मनीतल्या संशोधकांनी तो केला, आणि २००९ पासून तो उपचार म्हणून उपलब्ध आहे. आम्लाने वरचा अगदी पातळ थर उघडायचा, अल्कोहोलने छिद्रे कोरडी करायची आणि पाण्यासारखे पातळ रेझिन लावायचे. केशाकर्षणाने ते छिद्रांत शिरते, मग निळ्या प्रकाशाने घट्ट करायचे. रेझिनचा अपवर्तनांक दीडच्या आसपास, म्हणजे एनॅमलच्या बराच जवळ. डाग काढला जात नाही, दिसेनासा होतो. टाचणी नाही, भूल नाही. मर्यादाही सांगायला हव्यात: खोल डागांवर परिणाम अर्धवट राहतो, आणि तीस वर्षांनंतर त्या रेझिनचे काय होते याचा अनुभव अजून जगात कोणालाच नाही.

तपकिरी डागांसाठी याहून जुनी पद्धत आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिसची बारीक पूड यांच्या लेपाने डागाचा वरचा थर घासून काढतात. एनॅमल जाते ते साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर. हेच आम्ल घरी आणून करू नये हे लिहायची गरज नसावी. तरी लिहितो, कारण संडास धुण्याच्या ॲसिडाने दात पुसून पाहणारा विद्यार्थी एका शिक्षकमित्राने पाहिलेला आहे.

डेंटिनमधला रंग आणि ब्लीच

आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन गटाची औषधे दिली तर ती बनत असलेल्या दातातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि दात कायमचे करडे-पिवळे होतात. आता ही औषधे त्या वयात टाळतात, पण पन्नाशीच्या पुढच्या काही जणांत असे दात दिसतील. दुसरा प्रकार शाळेत नेहमीचा: विटीदांडूत किंवा सायकलवरून पडून मार लागलेला एकच दात काही महिन्यांनी काळवंडतो. तो दात बहुधा आतून मेलेला असतो. आधी एक्स-रे, मग मुळावरचा उपचार, आणि रंग आतून ब्लीच करून उजळता येतो. त्याला नुसती कॅप घालून झाकणे म्हणजे आतला पू झाकणे.

ब्लीच म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. रंगद्रव्यांच्या रेणूंत आलटूनपालटून येणाऱ्या दुहेरी बंधांची साखळी असते, ती प्रकाश शोषते म्हणून रंग दिसतो. पेरॉक्साइड एनॅमलमधून झिरपत डेंटिनपर्यंत जाते आणि या साखळ्या तोडते. सदऱ्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो ना, तसेच. दाताच्या मापाचा पातळ साचा करून त्यात सौम्य जेल भरून रात्री घालायची पद्धत १९८९ साली प्रसिद्ध झाली. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते, म्हणजे प्रत्यक्ष हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दोन-तीन आठवडे लागतात. काही दिवस थंड पाणी झिणझिणते, मग ते थांबते. परिणाम एक-दोन वर्षांत हळूहळू उतरतो. एनॅमल कापावे लागत नाही, पण युरोपात जास्त ताकदीचे ब्लीच अठरा वर्षांखाली देत नाहीत, आणि तसाच दंडक आपणही पाळलेला बरा. ब्लीचने फ्लोराइडचे पांढरे पट्टे जात नाहीत. ते रंगद्रव्य नव्हेच. सुरुवातीला ते उलट उठून दिसतात. मग आजूबाजूचा दात उजळला की फरक कमी होतो.

झाकण्याचे उपाय

रंग हटत नसेल किंवा दात तुटका असेल तर तो झाकावा लागतो. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर याने दातावर फॉस्फोरिक आम्ल लावून रेझिन चिकटवून दाखवले. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात हे आम्ल वापरतात, तिथून त्याला कल्पना सुचली. आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात आणि रेझिन त्यांत रुतून बसते. दातरंगी कॉम्पोझिट याच आधारावर बसते. ते एका बैठकीत होते, फारसा दात कापावा लागत नाही. पण काही वर्षांत रंग धरते, कोपरा टवका उडतो, आणि तेव्हा ते दुरुस्तही करता येते.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवलेला चिनीमातीसारखा नखाएवढा पातळ पापुद्रा. त्यासाठी पुढून साधारण अर्धा मिलिमीटर घासतात. हे घासणे एनॅमलच्या आत राहिले तर पकड उत्तम. डेंटिनपर्यंत गेले तर ती कमजोर होते. कॅपसाठी मात्र दात चहूबाजूंनी तासावा लागतो, आणि उरतो तो पेन्सिलीच्या टोकासारखा खुंट. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पुढच्या दातांच्या व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचे ३ ते ३० टक्के वजन गेले, आणि कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के!

किडीने पोखरलेल्या किंवा मुळावर उपचार झालेल्या दाताला कॅप हा आधार आहे, तिथे तिला पर्याय नाही. पण धडधाकट दात तासणे वेगळे. तरुण दातात मगज मोठा असतो, तासताना त्याला इजा होण्याची भीती जास्त. शिवाय कॅप जन्मभर टिकत नाही. पंधरा वर्षे टिकली तर चांगलीच टिकली म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी सहा कॅपा म्हणजे आयुष्यात तीन-चार वेळा तोच खर्च, आणि दर वेळी खुंट आणखी लहान. झिर्कोनिया हा कॅपचा आधुनिक पदार्थ मजबूत आहे यात वाद नाही. पण त्याचा अपवर्तनांक दोनच्या वर, त्यामुळे प्रकाश आत शिरण्याऐवजी बराचसा परततो आणि बेताने केलेली कॅप संगमरवरी फरशीसारखी दिसते. पारदर्शकता वाढवलेले प्रकारही आता आले आहेत.

वाकडे दात कॅपा घालून ‘आठ दिवसांत सरळ’ करून देतात, तोही असाच व्यवहार. तार लावली तर दात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर सरकतो: ज्या बाजूला दाब त्या बाजूचे हाड विरघळते, मागे नवे तयार होते. दीड-दोन वर्षे लागतात, पण दात शाबूत राहतो. नंतर रिटेनर घातला नाही तर दात परत फिरतात, हे मुलांना आधीच बजावावे.

त्या कागदाचे काय झाले

निर्णय भाचीनेच घेतला. कागद ठेवून दिला आणि ती दुसऱ्या एका दंतवैद्य बाईंकडे गेली. जाताना तिने वहीत चार प्रश्न लिहून नेले होते: डाग कोणत्या थरात आहे? माझा दात किती जाईल? हे बिघडले तर पुढचा उपाय कोणता उरतो? आणि काहीच केले नाही तर दाताचे नुकसान होईल का? शेवटच्या प्रश्नाला बाईंनी ‘नाही’ असे सरळ उत्तर दिले, आणि त्यावरच तिचा विश्वास बसला. वर्ध्याजवळ सावंगीला आणि नागपूरला दंत महाविद्यालये आहेत; दुसरे मत घ्यायला तिथेही जाता येते हे तुमच्या विद्यार्थ्यांना सांगून ठेवा.

आधी दोन तपकिरी डाग घासून काढले. मग तीन आठवडे रात्रीचा साचा. ब्लीचनंतर एनॅमलमध्ये राहिलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही, म्हणून पंधरा दिवस थांबून चार दातांत रेझिन भरले. सगळे मिळून त्या कागदावरच्या आकड्याच्या बऱ्याच खाली झाले. डाग पूर्ण गेलेले नाहीत. जवळून पाहिले, दात सुकू दिले, तर एका दातावर पुसट पट्टा दिसतो. “राहू दे ना तो,” असे ती म्हणते. बहीण अजून कुरकुरते.

या सगळ्यात तिला एक गोष्ट आठवली. पांढरकवड्याकडे ते ज्यांच्या घरी भाड्याने राहत होते त्यांच्याशी अजून येणेजाणे आहे. त्यांची नात दीड वर्षाची आहे, आणि घरात पाणी त्याच बोअरचे. दिवाळीत भाची तिकडे जाऊन पाण्याची बाटली भरून आली. काचेची नव्हे, प्लॅस्टिकची; फ्लोराइड काचेशी थोडे झोंबते, म्हणून नमुना प्लॅस्टिकमध्येच घ्यायचा असतो, एवढे मात्र तिला मी शिकवले होते. बाटली पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत दिली आहे. अहवाल आला की त्या मुलीच्या आईला फोन तीच करणार आहे.